अपघात की घातपात?

'अपघात' आणि 'घातपात' या दोन्ही शब्दांत 'घात' आहेच. तरीही पहिला शब्द कानावर पडला की आपण हळहळतो आणि दुसरा पडला की आपली नजर गुन्हेगार शोधू लागते. आगगाडी रुळावरून घसरली, गिरणीला आग लागली, पूल कोसळला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'अपघात की घातपात?' हा मथळा ठरलेला असतो. या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवतात असे आपण गृहीत धरतो. वास्तविक त्याला तिसरेही एक उत्तर आहे आणि ते म्हणजे 'उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही'. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. मृतांच्या नातेवाइकांचे त्याने समाधान होत नाही, वृत्तपत्रांचा खप त्याने वाढत नाही आणि कट्ट्यावरच्या गप्पांना त्यामुळे रंगही चढत नाही. परंतु कित्येक वेळा तेच एक प्रामाणिक उत्तर असते.

विमानप्रवासाच्या बाल्यावस्थेत असे उत्तर मिळालेल्या एका दुर्घटनेची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. इंग्लंडच्या इंपीरियल एअरवेज या कंपनीचे 'सिटी ऑफ लिव्हरपूल' नावाचे विमान २८ मार्च १९३३ रोजी बेल्जियममधील डिक्समुइड या गावाजवळ आकाशातच पेटले आणि कोसळले. त्यातील पंधराच्या पंधरा माणसे प्राणास मुकली. घातपाताने नष्ट झालेले जगातील पहिले प्रवासी विमान हेच असावे, असे पुढे अनेकांनी लिहिले. मात्र ते सिद्ध कोणालाच करता आले नाही.

विमानप्रवासाची पहिली चौदा वर्षे

हा प्रसंग समजून घेण्यासाठी त्या काळचा विमानप्रवास कसा होता ते प्रथम पाहिले पाहिजे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा युरोपात लढाऊ विमाने आणि बेकार वैमानिक दोन्हीही मुबलक होते. त्यांच्याच बळावर २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन आणि पॅरिस यांच्या दरम्यान दररोजची विमानसेवा सुरू झाली. युद्धातल्या विमानांत जेमतेम जागा करून उतारूंना बसवीत. पुढे लहान लहान कंपन्यांना स्पर्धेत तगणे जड जाऊ लागले, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांचे एकत्रीकरण घडवून १९२४ साली इंपीरियल एअरवेज ही कंपनी उभी केली. लंडनजवळील क्रॉयडन हा तिचा मुख्य तळ होता.

त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, या कंपनीचे एक विमान क्रॉयडनवरून उडाल्यावर थोड्याच वेळात पडले आणि आठ माणसे मरण पावली. नागरी विमानाच्या अपघाताची जाहीर चौकशी ब्रिटनमध्ये प्रथम झाली ती या वेळी. विमान पडले की त्याचे कारण लोकांसमक्ष, साक्षीपुरावे घेऊन शोधावयाचे असते, ही कल्पना १९३३ साली जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती हे येथे ध्यानात ठेवावे.

'सिटी ऑफ लिव्हरपूल' हे आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कारखान्याचे 'अर्गोसी' जातीचे विमान होते. या जातीची अवघी सात विमाने बनली. एकावर एक असे दोन पंख, तीन इंजिने, आतून पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर रोगण देऊन ताणून बसविलेले कापड, अशी त्याची घडण होती. वैमानिक विमानाच्या नाकाशी उंचावर, उघड्या जागेत वारा झेलीत बसत. उतारू मात्र बंदिस्त दालनात बसत आणि खिडकीतून खालची शेते पाहत. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. आज आपल्याकडच्या एखाद्या जलद गाडीला तेवढा वेग सहज साधतो. तरीही त्या काळी हा थाटाचा प्रवास समजला जाई. १९२७ पासून लंडन-पॅरिस मार्गावर याच जातीच्या विमानांत उतारूंना वाढप्याच्या हातून खाणेपिणे मिळू लागले होते.

या विमानांचा आपल्या देशाशीही एक धागा जुळतो. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही हवाई टपालाची व उतारूंची सेवा सुरू झाली, तेव्हा क्रॉयडनहून निघालेला पहिला टप्पा अर्गोसी विमानानेच पार पाडला होता. पुढचा प्रवास काही आगगाडीने, काही समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने आणि काही दुसऱ्या विमानांनी होई. कराचीला येणारे हेच विलायती टपाल पुढे मुंबईकडे आणण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूपर्यंत आपले छोटे विमान स्वतः चालवीत आणले. म्हणजे डिक्समुइडची दुर्घटना घडली तेव्हा भारतातील टाटांची विमानसेवा सहा महिन्यांचीही नव्हती.

२८ मार्च १९३३

त्या दिवशी विमान जर्मनीतील कोलोनहून निघाले. वाटेत ब्रुसेल्सला उतरून त्याने आणखी उतारू घेतले आणि दुपारी ते लंडनच्या दिशेने निघाले. विमानात तीन कर्मचारी आणि बारा प्रवासी होते. बेल्जियमचा हा पश्चिमेकडील प्रदेश म्हणजे सपाट शेतजमीन. डिक्समुइड गाव पहिल्या महायुद्धात तोफांनी बेचिराख झाले होते आणि नंतर नव्याने उभे राहिले होते. आणखी थोडे पुढे गेले की समुद्र, आणि समुद्रापलीकडे इंग्लंड.

शेतात काम करणाऱ्या लोकांनी वर पाहिले तेव्हा विमानाने पेट घेतला होता. ते झपाट्याने खाली येत होते. वैमानिक कोठेतरी उतरण्याच्या प्रयत्नात असावा. सपाट शेते असल्याने तशी आशाही होती. इतक्यात एक माणूस विमानातून बाहेर पडताना लोकांना दिसला. त्याच्या अंगावर हवाई छत्री नव्हती. त्यानंतर, जमीन जवळ आलेली असतानाच, विमानाचे दोन तुकडे झाले आणि ते शेतात आदळून जळून गेले. वाचले कोणीही नाही. वायुनौकांचे अपघात वगळले, तर ब्रिटिश नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात तोवर एवढी मोठी प्राणहानी झाली नव्हती.

राखेतून काय वाचता आले?

तपासणाऱ्यांच्या हाती होते ते जळालेल्या नळ्या, तीन इंजिने, विखुरलेले सामान आणि शेतकऱ्यांच्या साक्षी. विमानातील घडामोडींची नोंद ठेवणारी कोणतीही पेटी त्या काळी नव्हती. तशा पेटीची कल्पना ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी मांडली ती १९५० नंतरच्या दशकात. वैमानिकांनी काय पाहिले आणि ते एकमेकांशी काय बोलले हे त्यांच्याबरोबरच संपले होते.

तरीही अवशेषांनी काही गोष्टी सांगितल्याच. विमानात आग लागली म्हटले की पहिला संशय इंजिनांवर आणि पेट्रोलच्या नळ्यांवर जातो. इंजिन तापते, पेट्रोल झिरपते आणि ठिणगी पडते. येथे मात्र तपासात आढळले ते वेगळेच. इंजिनांना हवेत असताना आग लागल्याची चिन्हे नव्हती. इंधनाची व्यवस्था असलेला पुढील भाग जमिनीवर आदळण्यापूर्वी पेटलेला नव्हता. आग लागली होती ती विमानाच्या मागील बाजूस, म्हणजे जेथे शौचकूप आणि सामान ठेवण्याची जागा होती तेथे.

या एका निष्कर्षामुळे पुढील सगळ्या चर्चेला वळण मिळाले. मागच्या भागात इंजिन नाही आणि इंधनाची टाकी नाही. मग तेथे आग लागली कशाने? एखाद्याने ओढून टाकलेल्या सिगारेटचे थोटूक? कोणाच्या सामानात असलेला एखादा ज्वालाग्राही पदार्थ, जो हादऱ्याने सांडला? की कोणी हेतुपुरस्सर लावलेली काडी? यांपैकी प्रत्येक गोष्ट शक्य कोटीतील होती. विमानाचे काही अवशेष नेऊन त्यांतील पदार्थ कितपत लवकर पेट घेतात याच्या चाचण्याही करण्यात आल्या. पण एखादी वस्तू पेटू शकते एवढेच चाचणी सांगते. ती पेटविली कोणी, किंवा कोणी पेटविली तरी का, याचे उत्तर चाचणीतून निघत नाही.

मागची आग इतकी घातक का ठरली हे मात्र सहज समजण्यासारखे आहे. त्या काळच्या विमानांत शेपटीवरील सुकाणू हलविणाऱ्या तारा विमानाच्या पाठीमागील भागातूनच जात. सांगाड्यावर रोगण दिलेले कापड असे आणि धावत्या विमानाचा वारा आगीला फुंकर घाली. वैमानिक पुढे नाकाशी उघड्यावर बसलेला, त्याची पाठ आगीकडे. आग कळावयाला वेळ, कळल्यावर जमीन गाठावयाला वेळ, आणि आगीला मात्र वेळ लागत नाही.

संशयाची सुई

आता त्या उडी मारलेल्या माणसाकडे वळू. तो मूळचा जर्मन, इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे स्थायिक होऊन दंतवैद्याचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव अनेकदा छापून आले. त्याच्यावर कोणताही आरोप शाबीत झाला नाही, म्हणून ते येथे देण्याचे प्रयोजन नाही.

त्याच्याविषयीचा प्रवाद असा होता. व्यवसायाच्या निमित्ताने तो जर्मनीस वारंवार जात असे आणि त्या आडून मादक द्रव्यांची चोरटी ने-आण करीत असे. पोलिसांना त्याचा वास लागला होता. क्रॉयडनला उतरताच आपण पकडले जाणार या भीतीने त्याने विमान पेटवून दिले. दंतवैद्याजवळ गुंगी आणणारी ज्वालाग्राही द्रव्ये असणे अवघड नव्हते. मग त्याने उडी टाकली. जळलेल्या प्रेतांच्या गर्दीत एक प्रेत कमी असल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. अशा संशयाला खतपाणी घालणाऱ्यांत खुद्द त्याचा सख्खा भाऊही होता. दोघा भावांचे संबंध बिघडलेले होते.

ही कथा ऐकताना पटते, कारण तिच्यात सर्व धागे एकत्र येतात. आग मागे का लागली, कशाने लागली, माणसाने उडी का टाकली, या साऱ्याचा उलगडा एका माणसाच्या नावावर होतो. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर असाच उलगडा करतो. परंतु न्यायालयात पटणे आणि सिद्ध होणे या दोहोंत अंतर असते. म्हणून या कथेचा एकेक दुवा ताणून पाहू.

पहिला दुवा उडीचा. पेटत्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून माणसे खाली उडी टाकतात. खाली मरण आहे हे त्यांना दिसत असते, पण मागची आच त्याहून असह्य असते. पेटत्या विमानातून उडी टाकणारा माणूस अपराधी असेलच असे नाही, तो केवळ होरपळलेला किंवा भेदरलेलाही असेल. उडी ही दोन्ही तर्कांना सारखीच जुळते. जी गोष्ट दोन्ही बाजूंना जुळते तिने कोणतीच बाजू सिद्ध होत नाही.

दुसरा दुवा पलायनाचा. ज्याला पळून जावयाचे आहे तो हवाई छत्रीवाचून आकाशातून उडी का टाकील? विमान जमिनीच्या अगदी लगत येईपर्यंत थांबून उडी टाकली तर वाचू, असा त्याचा बेत होता म्हणावे, तर विमान पेटल्यावर ते तितके खाली सुखरूप येईल याची खात्री त्याला कोण देणार होते? शिवाय बारा उतारूंच्या विमानात एक माणूस कमी भरला, तर तो लक्षात येणार नाही हेही पटण्यास जड जाते.

तिसरा दुवा द्रव्यांचा. दंतवैद्याजवळ ज्वालाग्राही द्रव्य असू शकते, हे खरे. ते त्या दिवशी त्याच्याजवळ होते आणि त्यानेच आग लागली, हे वेगळे विधान झाले. आणि समजा होते, तरी सामानातील बाटली फुटून अपघाताने आग लागली नसेल कशावरून? म्हणजे हा दुवा खरा मानला तरी 'अपघात की घातपात' हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या दंतवैद्याच्या मृत्यूची इंग्लंडमध्ये चौकशी झाली ती कॉरोनरपुढे. संशयास्पद मृत्यूचे कारण ठरविणारा हा अधिकारी. मुंबईतही अशी कॉरोनरची कचेरी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होती. पंचांनी सर्व साक्षी ऐकल्या, भावाचे म्हणणेही त्यांच्यापुढे आले आणि त्यांनी जे अभिमत दिले ते 'अनिर्णीत' असे होते. म्हणजे हा केवळ अपघाती मृत्यू होता असेही त्यांनी म्हटले नाही आणि तो तसा नव्हता असेही म्हटले नाही. त्या पंचांवर लोकमताचे दडपण किती असेल याची कल्पना करावी. चौदा निरपराध माणसे जळून गेली आहेत, संशयित समोर आहे, तो मेलेला असल्यामुळे त्याला दोषी ठरविले तर कोणी फाशी जाणार नाही, आणि साऱ्या देशाला एकदाचे उत्तर मिळणार आहे. तरीही त्यांनी पुराव्यापलीकडे पाऊल टाकले नाही.

तीन शेजारची उदाहरणे

'सांगता येत नाही' असे म्हणणे म्हणजे आळस किंवा भित्रेपणा, असा आक्षेप कोणी घेईल. तपासणाऱ्यांनी नेटाने शोध घेतला असता तर कारण सापडले नसते कशावरून? या आक्षेपाचे उत्तर त्याच काळातील इतर दुर्घटनांत सापडते. ज्या ठिकाणी पुरावा बोलला त्या ठिकाणी तपासणाऱ्यांनी ठाम उत्तरे दिलेली आहेत.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील मीओफॅम या खेड्याचे. २१ जुलै १९३० रोजी फ्रान्समधून क्रॉयडनकडे येणारे एक लहान विमान ढगात शिरले. लोकांनी मोठी घरघर ऐकली आणि पाठोपाठ आकाशातून विमानाचे तुकडे पडू लागले. सहा माणसे ठार झाली. त्यांत डफरिनचे मार्क्विस होते. १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे हे चिरंजीव. इतकी प्रतिष्ठित माणसे गेल्यामुळे तर्कवितर्कांना ऊत आला. शास्त्रज्ञांनी मात्र त्या विमानाच्या लहान प्रतिकृती करून त्या कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या आणि शेपटी हादरून मोडली असावी, असा निष्कर्ष काढला. नदीच्या पात्रात मोठा धोंडा असला की त्याच्यामागे पाणी जसे भोवरे घेत उसळते, तसेच काही वेळा पंखामागे हवा उसळते आणि त्या भोवऱ्यांचे तडाखे शेपटीवर बसत राहतात. वरवर अद्भुत वाटणाऱ्या घटनेमागे निसर्गाचाच एक नियम निघाला आणि पुढील विमानांच्या रचनेला त्या ज्ञानाचा उपयोग झाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आणि १९३३ सालचेच. १० ऑक्टोबर रोजी, म्हणजे डिक्समुइडनंतर साडेसहा महिन्यांनी, युनायटेड कंपनीचे बोइंग विमान क्लीव्हलंडहून शिकागोला जात असता इंडियाना राज्यात चेस्टर्टन गावाजवळ पडले. तीन कर्मचारी आणि चार प्रवासी ठार झाले. येथेही मूळ जागा विमानाच्या मागील भागातच, शौचकूप व सामानाच्या कप्प्यापाशी होती. पण येथे धातू बोलला. त्या भागाच्या अक्षरशः चिंधड्या झाल्या होत्या, आणि शौचकुपाच्या दारात धातूचे बारीक कण एकाच बाजूने, म्हणजे स्फोटाच्या दिशेने, घुसलेले होते. शेपटीचा भाग मुख्य अवशेषांपासून बराच दूर सापडला. यावरून जबर स्फोटक द्रव्याचा बाँब फुटला हे निश्चित झाले. प्रवासी विमानात घातपात झाल्याचे सिद्ध झालेले हे पहिले उदाहरण मानले जाते. बाँब कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, हे मात्र कधीच कळले नाही. कोणाला अटकही झाली नाही. साधन कळले, हात कळला नाही. तपासणाऱ्यांनी जेवढे कळले तेवढेच लिहिले.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान बांडुंग परिषदेस निघालेल्या चिनी शिष्टमंडळाला घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे जात होते. वाटेत स्फोट झाला, पंख पेटला आणि कॅप्टन जटार यांनी विमान समुद्रावर उतरविण्याची शर्थ केली. एकोणीसपैकी सोळाजण मृत्युमुखी पडले. पण अभियंता अनंत कर्णिक, सहवैमानिक दीक्षित आणि मार्गदर्शक पाठक हे तिघे वाचले. आग केव्हा लागली, कोठे लागली, आधी कोणता आवाज आला, हे सांगणारी तीन जाणती माणसे हयात होती, आणि समुद्रातून काढलेल्या अवशेषांत वेळेवर फुटणाऱ्या बाँबच्या खुणा मिळाल्या. घातपात सिद्ध झाला. हाँगकाँगच्या विमानतळावरील एका सफाई कामगारावर वहीम आला, पण तो तोवर तैवानला निसटला होता.

ही तीन उदाहरणे डिक्समुइडच्या शेजारी ठेवली की फरक कळतो. मीओफॅमला निसर्गनियम प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहता आला. चेस्टर्टनला धातूवर स्फोटाची स्वाक्षरी उमटली होती. 'काश्मीर प्रिन्सेस'ला साक्षीदार होते. डिक्समुइडला यांपैकी काहीच नव्हते. साधी आग स्फोटासारखी खूण ठेवीत नाही. ती आपला उगमच खाऊन टाकते. काडी पडली होती की थोटूक, हे राखेवरून ओळखता येत नाही.

तिसऱ्या उत्तराची किंमत

या साऱ्याचे आज काय, असे कोणी विचारील. 'सिटी ऑफ लिव्हरपूल'ची आठवण आता फार थोड्यांना असेल. अर्गोसी विमाने केव्हाच मोडीत निघाली. १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने अपघातांच्या चौकशीसाठी नियमावली केली. पुन्हा अपघात होऊ नये एवढाच चौकशीचा हेतू आहे, कोणाला दोष देणे हा नव्हे, असे तत्त्व या नियमावलीने स्वीकारले. विमानांत नोंदपेट्या आल्या. त्या उतारूंच्या विमानातून हरवलेला शब्दन् शब्द आता जपून ठेवता येतो.

तरीही माणसाचे मन तेच राहिले आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशी २६० माणसे गेली. पुढच्याच महिन्यात आलेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळी बंद स्थितीत गेल्याची आणि वैमानिकांमधील एका संवादाची नोंद होती. कारणाविषयी त्या अहवालाने निष्कर्ष काढलेला नव्हता. पण अहवाल थांबला तेथे लोक थांबले नाहीत. देशोदेशी, घरोघरी, हातातल्या फोनवर निकाल लागले आणि बोटे वळली ती मृत वैमानिकांकडे. ब्याण्णव वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या दंतवैद्याच्या बाबतीत घडले ते हेच. ज्याच्याकडे बोट दाखवावयाचे तो उत्तर द्यावयास हयात नसला की बोट दाखविणे फार सोपे होते.

मृताला दोष देण्याची किंमत मृताला द्यावी लागत नाही, ती त्याच्या मागे राहिलेल्यांना द्यावी लागते. आणि आणखी एक किंमत असते, ती पुढच्या प्रवाशांना द्यावी लागते. डिक्समुइडला कारण 'दंतवैद्य' असे ठरवून टाकले असते, तर सामानात काय नेऊ द्यावे, आत कोणते साहित्य वापरावे, मागच्या भागात आग लागल्यास वैमानिकाला ती कशी कळावी, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरली नसती. चुकीचे उत्तर एकदा मिळाले की शोध थांबतो. उत्तर अनिर्णीत राहिले की तो चालू राहण्याची निदान शक्यता असते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. विमानाचे इंजिन दुरुस्त करणे आपले काम नाही. पण इतिहासाच्या वर्गात आपण साधने तपासतो, तर्कशास्त्राच्या वर्गात अनुमानाचे दोष शिकतो, साहित्याच्या वर्गात रचलेल्या कथेचे सौंदर्य पाहतो. या तिन्ही वर्गांत शिकलेले येथे एकाच ठिकाणी उपयोगी पडते. साधन काय सांगते, त्यावरून किती अनुमान काढता येते, आणि उरलेली फट आपण केवळ कथा सुंदर व्हावी म्हणून तर भरीत नाही ना, हे पाहणे. डिक्समुइडच्या शेतात पंधरा माणसे मेली. त्यांपैकी एक कदाचित उरलेल्या चौदांचा मारेकरी होता, आणि कदाचित तो त्यांच्यासारखाच एक दुर्दैवी उतारू होता. पंचांनी त्याला ना फासावर चढविले ना निर्दोष म्हणून गौरविले. जे ठाऊक नव्हते तेथे त्यांनी जागा कोरी ठेवली. ती जागा आजही कोरीच आहे.